शेवटचं पान आधी वाचायचं

पहिलेच सांगून ठेवते, मी तोंडाची फटकळ आहो. ज्याले ऐकायचं त्यानं ऐका, नाही तर आपला कागद घेऊन दुसऱ्या दुकानात जा. घाटंजीत झेरॉक्सचे दुकानं काय कमी आहेत? पण लोक माह्याकडंच येतात, कारण मी नुसता कागद छापून देत नाही, वाचून सांगते. सातबारा, बँकेची नोटीस, कोर्टाचा समन्स, पोरीच्या कॉलेजचा फॉर्म, काही बी आणा. प्रभावतीताई झेरॉक्सवाली म्हटलं की बाजार रोडवर कोणी बी दुकान दाखवते.

वाचायची माही एक रीत आहे. मी कागद शेवटून वाचते. काय देणार ते समोर मोठ्या अक्षरात छापलं राहते, अन् काय नाही देणार ते मागं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. म्हणून शेवटचं पान आधी. या रीतीचा मले भल्ला गर्व होता.

माह्या दुकानाले लागून शकीलभाऊचं दुकान, मधात फक्त टिनाचा पत्रा. तो फवारणीचे पंप दुरुस्त करते. चौदा वर्षांपासून आमी शेजारी. पत्र्यापलीकडून तो शिंकला तर मी इकडून 'बाहेर जाऊन शिंका' म्हणते, अन् त्याची बायको आयशाबी दुपारी डबा घेऊन आली की त्यातली अर्धी भाजी माह्याकडं येते. अशी सोयरीक.

दोन वर्षांपहिले आयशाबीचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं, त्यात घरातलं होतं नव्हतं ते गेलं. तवा शकीलभाऊनं ठरवलं, आता विमा काढायचा. आमच्या इकडचे वामनराव, रिटायर गुरुजी, ते एजंट. त्यायनं पॉलिसीची फाईल आणली, अन् शकीलभाऊ सरळ माह्याकडं घेऊन आला.

"ताई, वाचा. तुमी वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

मी शेवटचं पान काढलं. काय काय मिळणार नाही त्याची यादी होती. दात नाही, चष्मा नाही, बाळंतपण नाही. हर्निया, मोतीबिंदू दोन वर्षं नाही. दारूनं झालेलं नाही. स्वतःहून करून घेतलेली इजा, विष घेणं, आत्महत्येचा प्रयत्न, नाही.

"हे आपल्या कामाचं नाही," शकीलभाऊ म्हणे. "आमच्यात ते हराम आहे. पुढचं सांगा."

"जाणूनबुजून स्वतःले धोक्यात घालणं, नाही."

"म्हणजे कसं?"

वामनराव हसले. "म्हणजे विमानातून उडी मारणं. वाघाच्या पिंजऱ्यात हात घालणं."

"मंग मी आयशाबीसंगं भांडलो अन् डोकं फुटलं तर पैसे भेटणार नाही, असं म्हणा ना गुरुजी!"

आमी तिघं बी खदखदा हसलो. अन् हसता हसता शकीलभाऊनं मांडीवरचं एक नोझल उचललं, तोंडात धरलं, फूं करून फुंकलं, बाजूले थुंकला, अन् सही केली. मी समोर बसून होती. माह्या हातात तेच पान होतं. तरी मले काही सुचलं नाही.

नोझल म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाची पितळेची टोपी. तिले केसाएवढं भोक राहते. त्यात गाळ अडकला की फवारा बंद. आता कोणी म्हणन, सुई घाला. पण सुई घातली की भोक मोठं होते, मंग फवारा पडत नाही, धार पडते, अन् कास्तकार दुसऱ्या दिवशी भांडाले येते. शकीलभाऊ सुई लावत नव्हता. तोंडानं फुंकायचा, मंग उलटं धरून ओढायचा. हवा जिभेवर कशी लागते त्यावरून त्याले समजायचं, किती खुललं अन् किती राह्यलं. त्याच्या हातचं नोझल नव्यासारखं चालते म्हणून लोक पार वणीकडून येत. मी एकदा म्हटलं होतं, "अहो, जहर असते त्यात." तो म्हणे, "थुंकून टाकलं की झालं ताई." मंग मी बी पुन्हा म्हटलं नाही. भांडाले मी नंबर एक, अन् जिथं भांडायचं होतं तिथं चूप बसली.

मंग ते बोंडअळीचं वर्ष आलं. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली अन् बोंडात अळी. लोक वेड्यासारखे फवारत. आठ दिवसातून एकदा फवारायचं तिथं दर दोन दिवसाले, दोन-दोन दवाया एकत्र कालवून. शकीलभाऊच्या दुकानापुढं पंपांची लाईन लागे. दिवसाले तीस, चाळीस. पत्र्यापलीकडून सकाळपासून एकच आवाज: फूं, फूं, थू.

त्याच दिवसात माह्या चुलतभावाचं झालं. उकंडा त्याचं नाव, मजुरीनं फवारणी करते. वावरातच चक्कर येऊन पडला. त्याले एका दवाखान्यात नेलं. विचारलं काय झालं, आमी सांगतलं फवारताना जहर लागलं. एक गोळी दिली अन् बाकड्यावर बसवलं. बसला तो तीन तास बसला, तोंडातून लाळ गळत. तेवढ्यात एक पोट्टं आणलं, त्यानं घरी जीव द्याले फवारणीची दवाई पेली होती. त्याच्यासाठी स्ट्रेचर आलं, डॉक्टर पळत आला, नळी टाकली, इंजेक्शनावर इंजेक्शन. उकंडा वाचला, पण दोन दिवस त्याले काही दिसत नव्हतं. मी बाकड्यावर बसून तेवढं एक शिकली. पेला म्हटलं की धावतात, लागलं म्हटलं की बसवतात.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, नेमसिंग कास्तकार पंप घेऊन आला. शकीलभाऊनं नळी तोंडाशी नेली. पंपात हवेचा जोर राह्यला होता, अन् नळीची चावी खराब. दवाई सुटली ते सरळ घशात. गिळल्या गेलं. खोकलला, हसला, चूळ भरली, मले म्हणे, "ताई, आज नाश्ता नेमसिंगकडून झाला." अर्ध्या घंट्यात त्याचा शर्ट घामानं ओला. लाळ थांबेना. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मंग बोलणंच बंद.

आयशाबी घरी होती, तिले निरोप पाठवाले बी वेळ नव्हता. नेमसिंगच्या मालाच्या आटोत टाकलं, डोकं माह्या मांडीवर. रस्ताभर माह्या डोळ्यापुढं ते बाकडं. मी ठरवून टाकलं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय झालं?"

"दवाई पेला साहेब."

"स्वतःहून?"

"हो. स्वतःहून. अर्धी बाटली पेला."

नेमसिंग माह्या तोंडाकडं पाहून राह्यला. मी त्याचा हात असा दाबला की तो चूप. अन् सांगते तुमाले, धावले! स्ट्रेचर आलं, नळी आली, सगळं आलं. संध्याकाळपर्यंत त्याले यवतमाळच्या मोठ्या खाजगी दवाखान्यात हलवलं, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. मीच पर्समधून त्याचं विम्याचं कार्ड काढलं अन् काउंटरवर ठेवलं, ऐटीत. माह्याजवळच राहे ते कार्ड, हरवू नये म्हणून.

मी खोटं बोलली ते माह्या ध्यानातच नव्हतं. खोटं बोलली अन् माणूस जगला, झालं. त्यात ध्यानात ठेवासारखं काय, असं वाटलं मले.

तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या पोरीनं बोलावलं. कंपनीचा कागद आला होता. दोनच ओळी. रुग्णाने स्वतःहून विष घेतल्याची नोंद असल्यामुळे खर्च देता येत नाही. पॉलिसीच्या त्या शेवटच्या पानावरच्या साऱ्या गोष्टी मले तोंडपाठ होत्या. अन् त्यातली एक मी माह्या तोंडानं डॉक्टरले सांगून आली होती.

मागं वळली तर आयशाबी उभी. दोन दिवसांपासून ती कोणाशी बोलत नव्हती. मले वाटे, काळजीनं.

"ताई," ती म्हणे, "खरं सांगा. त्यायनं काहून पेलं? माह्याकडून काही चुकलं काय? मोहल्ल्यातल्या बाया येऊन विचारून राह्यल्या, मी काय सांगू? घरात भांडण नाही, काही नाही. मी रात्रंदिवस आठवून राह्यली, काय बोलली असन मी त्यायले."

अरे बाप्पा! त्या बाईनं दोन दिवस असे काढले होते. नवऱ्याले आपल्यासंगं जगायचं नव्हतं, असं समजून. अन् मी बाजूले बसून तिले चहा पाजत होती.

मी तिले सगळं सांगतलं. तिथंच, औषधाच्या खिडकीपुढं. तिनं पहिले डोळे मिटले, दोन्ही हात तोंडावरून फिरवले, अल्लाचं नाव घेतलं. मंग माह्याकडं पाह्यलं अन् काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी बी बोलली नाही. मले चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माह्यासारखीले शिव्या पचतात.

आता हे निस्तरणं माह्यावर होतं. मी पहिल्या दवाखान्याच्या डॉक्टरकडं गेली. तो म्हणे, "बाई, तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं. लिहिलेलं खोडता येत नाही." पोलीस ठाण्यात गेली, जबाब दिला, मी खोटं बोलली म्हणून. हवालदार म्हणे, "खोटं बोलाले लाज नाही वाटली?" मी म्हटलं, "नाही वाटली, माणूस मरून राह्यला होता." कंपनीले फोन लावला. तिकडून एक जण गोड आवाजात म्हणे, "मॅडम, तुमचा पहिला जबाब खरा समजायचा की दुसरा? पुरावा पाठवा."

पुरावा! माह्याच धंद्यातली गोष्ट. मी कंबर बांधली. बाजाराच्या दिवशी दुकान बंद केलं अन् कास्तकार पकडले. नेमसिंग, धनसिंग, बोरी अरबचे दोघं, एकूण सतरा जण. कॉम्प्युटरवर मीच निवेदन लिहिलं. मसुदा माह्या हातचा, बारा गावात चालणारा. 'श्री. शकील हे गेली चौदा वर्षे आमच्या पंपांची नोझल तोंडाने फुंकून व ओढून साफ करतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.' एवढं पुरेसं होतं. पण धनसिंग म्हणे, "ताई, मी त्याले चार वेळा सांगतलं होतं, तोंड लावू नको, जहर आहे म्हणून." मले वाटलं, वा, हे टाकलंच पाहिजे. यानं पक्कं होईन की हा माणूस मरासाठी नाही, कामासाठीच तोंड लावे. मी लिहिलं, 'औषध विषारी असल्याचे त्यांना पूर्ण माहीत होते व आम्ही वेळोवेळी मनाई करूनही ते केवळ कामासाठी असे करीत.' ठसठशीत वाक्य. सतरा सह्या. वामनरावांनी बी पाहून मान डोलावली.

सातव्या दिवशी शकीलभाऊची मशीन निघाली, पंधराव्या दिवशी तो घरी आला. बिल भराले आयशाबीच्या मायचं सोनं गेलं, दुकानामागची जागा गहाण गेली. कंपनीचे पैसे भेटले की जागा सोडवू, असं ठरलं होतं. माणूस आला खरा, पण चार पावलं चालला की धापा टाके. डॉक्टरनं सांगतलं, छाती आता पहिलेसारखी होणार नाही, अन् औषध बंद करायचं नाही.

मंग कंपनीचा चौकशीवाला आला. भला माणूस, पाणी बी मागून पेला. दुकानाचे फोटो काढले, नोझलचे काढले. शकीलभाऊले विचारलं, "यात विष असतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नाही तर काय साहेब!" शकीलभाऊले कोणी अडाणी समजलेलं चालत नाही. "चौदा वर्षं झाली. जिभेवर घेतलं तर कोणती दवाई आहे तिचं नाव सांगतो मी."

मी बाजूले उभी राहून मान हलवली. शाबास, म्हटलं. आता कंपनी कशी सुटणार.

दीड महिन्यानं पाकीट आलं. पत्त्यावर नाव शकीलभाऊचं, पण पोस्टमन सवयीनं माह्याकडंच टाकून गेला. मी उघडलं नाही. तशीच पत्र्यापलीकडं गेली. शकीलभाऊ खुर्चीवर बसला होता, आयशाबी डबा उघडून राह्यली होती. ती माह्यासंगं पुन्हा बोलाले लागली होती, पण भाजी येणं बंद होतं.

"वाचा ताई," शकीलभाऊ म्हणे.

त्या दिवशी मी पहिल्यांदा कागद पहिल्या पानापासून वाचला. शेवटाकडं जायची हिंमतच झाली नाही.

"सादर पुराव्यांवरून हा आत्महत्येचा प्रयत्न नव्हता, हे कंपनी मान्य करते."

आयशाबीनं पदर तोंडात कोंबला अन् रडली. ढसढसा. "लिहून दिलं ना ताई? लिहून दिलं ना त्यायनं? मले याची झेरॉक्स द्या. मी मोहल्ल्यात एकेकीले दाखवीन." मी हो म्हटलं. त्या एका मिनिटापुरती मी सुखी झाली, खोटं नाही सांगत.

मंग पान उलटलं. पुढं लिहिलं होतं की, विमाधारकाला धोक्याची पूर्ण जाणीव होती, वेळोवेळी मनाई होऊनही त्याने अनेक वर्षे असे केले, म्हणून हे जाणूनबुजून स्वतःला धोक्यात घालणे ठरते, सबब खर्च देय नाही. सोबतचे निवेदन पाहावे. अन् सोबत माह्यंच निवेदन. माह्या त्या ठसठशीत वाक्याखाली कोणीतरी लाल रेघ मारली होती.

शकीलभाऊनं त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. मंग हळूच म्हणे, "म्हणजे मी वाघाच्या पिंजऱ्यात हात घातला, ताई."

हसाले गेला तर खोकला आला, अन् आयशाबी त्याची पाठ चोळत बसली. मी तिथून उठून आली अन् माह्या दुकानात शटर अर्धं ओढून रडली. मले वाटलं, हात तोडून टाकावे माहे. चौदा वर्षं पत्र्याआडून ऐकलं, तवा तोंड उघडलं नाही. उघडलं ते दोन्ही बारी त्याच्या गळ्यावर.

वामनराव म्हणे, वर तक्रार करता येते. केली. मीच लिहिली, या बारी एक शब्द जास्त नाही. त्याचं उत्तर आलं नाही अजून.

पण बोंडअळी काही उत्तराची वाट पाहत नाही. उरलेल्या कपाशीले लोक फवारतच होते, अन् घाटंजीत नोझल साफ करणारं दुसरं कोणी नव्हतं. एका सोमवारी पलीकडचं शटर उघडल्याचा आवाज आला. आयशाबीनं दुकान उघडलं होतं. शकीलभाऊ खुर्चीवर, ती खाली पोत्यावर. मी लगेच जाऊन सायकलचा हवेचा पंप विकत आणला, तिच्यापुढं ठेवला. "भाभी, यानं फुंकायचं. फक्त यानं." ती म्हणे, "हो ताई." सकाळभर त्या पंपाचा फुस फुस आवाज ऐकून मी निवांत झेरॉक्स काढत बसली.

दुपारी आवाज बंद झाला. मले वाटलं, जेवत असतील. मंग शकीलभाऊचा आवाज आला, हळू, धापेत.

"जोरात नको. हळू ओढ. जिभेले थंड लागलं की समज, खुललं."

अन् मंग, पत्र्यापलीकडून: फूं.

मी चप्पल न घालता धावली. आयशाबी भिंतीकडं तोंड करून बसली होती, मले दिसू नये म्हणून. मी तिच्या तोंडातलं नोझल हिसकलं. "बाई, वेड लागलं काय तुले? डोळ्यानं पाह्यलं ना सगळं? कायले करून राह्यली?"

ती रागावली नाही. पदरानं ओठ पुसले.

"पंपानं समजत नाही ताई. दोन नोझल खराब केले सकाळी, लोक वापस घेऊन आले. अन् त्यायचं औषध संपलं, आज आणाले पैसे पाहिजेत."

मी शकीलभाऊकडं पाह्यलं. तो जमिनीकडं पाहून राह्यला होता. पुढं गिऱ्हाईक उभं होतं, पाठीवर पंप, डोळे लाल. उकंडाच होता तो, माह्याच घरचा. तो म्हणे, "ताई, मालक वावरात थांबला आहे. उशीर झाला तर आजचा रोज कापन."

नोझल माह्या मुठीत होतं, ओलं. आयशाबीनं हात पुढं केला.

"द्या ताई. अजून सहा पंप आहेत."

मी फटकळ बाई. साऱ्या बाजाराले ऐकवते. नोझल पदराले घासून पुसलं.

मी दिलं.